आधी क्रमांक, मग व्यवहार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

“पावती क्रमांक ३११७ कुठे आहे?”

लेखापरीक्षकांनी विचारलेला प्रश्न एवढाच होता. समोर उभे होते एका लहान पतसंस्थेचे रोखपाल. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी रोकड सांभाळली होती आणि संध्याकाळी तिजोरी बंद करताना एका रुपयाचाही फरक कधी आला नव्हता. गोष्ट १९९७ सालच्या एप्रिल महिन्यातली. संस्थेत संगणक येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. वर्षभराच्या पावत्यांची यादी छापली, तेव्हा मधले अकरा क्रमांक सापडेनात. ३११६ होता, ३११८ होता, ३११७ नव्हता. हाती लिहिलेल्या पावती पुस्तकांच्या काळात याचा अर्थ सरळ लावला जाई : पावती फाडली, पैसे घेतले आणि स्थळप्रत नाहीशी केली. संचालक मंडळाने काकांकडे लेखी खुलासा मागितला.

तो खुलासा खरं म्हणजे माझ्याकडे मागायला हवा होता. त्या संस्थेची संगणक-प्रणाली मी लिहिली होती. ते अकरा क्रमांक कुणी चोरले नव्हते. माझ्याच प्रोग्रॅमने ते दिले होते आणि त्यानेच ते सांडले होते. ते का सांडले, आणि जगातल्या मोठमोठ्या डेटाबेसमध्ये क्रमांक आजही का सांडतात, याची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. ती केवळ संगणकाची हकीकत नाही. माणसाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आपण कशात शोधतो, याचीही ती आहे.

नोंद आणि क्रमांक यांचं नातं जुनं आहे. संगणकावरच्या व्यवहारांबद्दल जिम ग्रे आणि आंद्रेआस रॉयटर यांनी १९९३ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवातच त्यांनी सुमेरियन लोकांच्या मातीच्या पाट्यांपासून केली आहे. कर, जमीन, धान्य, गुरं यांचा हिशेब ठेवायचा म्हणून माणूस लिहायला लागला, असं त्यांचं म्हणणं. इतकं लांब जायचं नसेल तर आपल्या गावच्या तलाठी दप्तरात डोकावून पाहा. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीची खरेदी झाली किंवा वारसाची नोंद करायची असली की या वहीत नोंद होते आणि तिला क्रमांक मिळतो. पण त्या क्षणी फेरफार झालेला नसतो! संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात किंवा रद्द करतात. रद्द झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. तो वहीत ‘रद्द’ अशा शेऱ्यासह राहतो आणि पुढची नोंद पुढचा क्रमांक घेते.

क्रमांक आधी आणि व्यवहार नंतर, ही रीत कारकुनांना पूर्वीपासून ठाऊक होती. संगणकवाल्यांना मात्र ती नव्याने शिकावी लागली. कशी, ते पाहू.

एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते, नंतर अमेरिकेत आयबीएम कंपनीत आले. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत असताना, १९७० साली, त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. आज आपल्या बँकांपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत जे डेटाबेस चालतात, त्यांचा पाया त्या निबंधात आहे. कॉड यांनी सांगितलं, की सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. तक्त्यातली प्रत्येक ओळ तिच्यातल्याच एखाद्या मूल्यावरून नेमकी ओळखता आली पाहिजे. या ओळखीच्या मूल्याला त्यांनी ‘प्रायमरी की’ म्हटलं. दोन ओळींची की एकच असता कामा नये आणि की नसलेली ओळ असता कामा नये.

ही ओळख कुठून आणायची? माणसाचं नाव घ्यावं, तर एका गावात एकाच नावाची चार माणसं निघतात. पत्ता घ्यावा, तर तो बदलतो. खऱ्या आयुष्यातल्या कोणत्याही गोष्टीवर विसंबून राहिलं, की ती कधी ना कधी दगा देते. १९७९ साली कॉड यांनीच आणखी एक निबंध लिहून यावर उपाय मांडला. ओळख यंत्रानेच तयार करावी, तिला बाहेरच्या जगात काही अर्थ नसावा आणि वापरणाऱ्याला तिचं मूल्य ठरवता येऊ नये. तिला ते ‘सरोगेट’ म्हणाले, म्हणजे बदली ओळख. १, २, ३, ४ असे यंत्राने देत जायचे क्रमांक, हे या बदली ओळखीचं सर्वांत साधं रूप.

आता दुसरा धागा. त्याच सॅन होजेच्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात जिम ग्रे नावाचे तरुण संशोधक काम करत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न असा : एका खात्यातून पैसे काढले, दुसऱ्यात जमा करायचे, आणि मधेच वीज गेली तर? ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं, की अशा सगळ्या पायऱ्यांची एक मोट बांधा. मोट पुरी झाली तर सगळं पक्कं, नाही तर त्यातलं काहीच घडलं नाही असं समजायचं. या मोटेला ‘ट्रान्झॅक्शन’ आणि ती पक्की करण्याला ‘कमिट’ म्हणतात. १९८१ सालच्या एका निबंधात ग्रे यांनी ही कल्पना करारांच्या कायद्यातून आल्याचं सांगून दाखला दिला तो ख्रिस्ती लग्नाचा. धर्मगुरू आधी सर्वांना विचारतो, कुणाची हरकत आहे का. मग वर आणि वधू दोघांना विचारतो. दोघांनी होकार दिला तरच लग्न लागल्याचं जाहीर करतो. एकाचा नकार आला तर लग्न लागलंच नाही. आपल्या फेरफारातल्या हरकतीच्या मुदतीची इथे आठवण येते.

कॉड यांना १९८१ चा आणि ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण दोघांचे विचार शेजारी ठेवले की एक पेच दिसतो. कॉड म्हणतात, ओळख नसलेली ओळ असूच शकत नाही. ग्रे म्हणतात, व्यवहार पक्का होईपर्यंत ती ओळ इतरांच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. मग जी ओळ अजून नाही, तिला क्रमांक द्यायचा कुणी आणि केव्हा?

‘मग द्या ना शेवटी, पक्कं झाल्यावर,’ असं तुम्ही म्हणाल. पण तसं भागत नाही. किराणा दुकानाचं बिल डोळ्यांसमोर आणा. वर ग्राहकाचं नाव, तारीख. खाली साखर, डाळ, तेल. डेटाबेसमध्ये वरचा भाग एका तक्त्यात जातो आणि खालच्या जिनसा दुसऱ्या तक्त्यात. साखरेच्या ओळीला आपण कोणत्या बिलातले, हे सांगावं लागतं. ते सांगायला बिलाचा क्रमांक हवा. म्हणजे बिल पक्कं होण्याआधीच त्याचा क्रमांक हातात पाहिजे.

या पेचातून बाहेर पडायच्या वाटा मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. त्या पतसंस्थेत एकेक चूक करत शिकलो.

पहिली वाट सगळ्यांना सुचते तीच. आतापर्यंतचा सर्वांत मोठा पावती क्रमांक पाहायचा आणि त्यात एक मिळवायचा. एका खिडकीवर हे उत्तम चाललं. दिवाळीआधी संस्थेने दुसरी खिडकी उघडली आणि पहिल्याच सकाळी गोंधळ उडाला. दोन्ही खिडक्यांनी एकाच क्षणी पाहिलं, शेवटचा क्रमांक १४०२. दोघांनीही १४०३ घेतला. एकीची पावती गेली. दुसरीच्या पडद्यावर, हा क्रमांक आधीच आहे, अशी सूचना झळकली. पहिल्याची नोंद पक्की झालेली नसल्यामुळे ती दुसऱ्याला दिसलीच नव्हती. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर होती.

मग मी दुसरी वाट धरली. पुढचा क्रमांक एका वेगळ्या जागी लिहून ठेवला आणि त्या जागेला कुलूप घातलं. ज्याला पावती करायची त्याने कुलूप घ्यावं, पावती पुरी करावी, मग कुलूप सोडावं. यात एकही क्रमांक सांडत नाही. व्यवहार रद्द झाला तर क्रमांकही जागेवर परत जातो. कागदावर ही योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात एके दुपारी एका खिडकीवरचे गृहस्थ अर्धी पावती पडद्यावर तशीच ठेवून चहाला गेले. दुसरी खिडकी वीस मिनिटं ठप्प. रांगेतली माणसं संगणकाच्या नावाने बोटं मोडत होती आणि मी फोनवर विचारत होतो, “काय झालं, वीज गेली का?”

तेव्हा तिसरी वाट. खिडकीने ‘नवी पावती’ असं कळ दाबून सांगितलं, की एक क्रमांक काढून तिच्या हातात द्यायचा आणि त्याच क्षणी कुलूप सोडायचं. पुढे त्या क्रमांकाचं काय होतं याची वाट पाहायची नाही. पावती पुरी झाली तर ठीक. खातेदार म्हणाला, “थांबा, उद्या भरतो,” आणि पावती रद्द झाली, तर तो क्रमांक गेला. तो परत घेता येत नाही. कारण तोवर पुढचे दोन-तीन क्रमांक दुसऱ्या खिडकीने वापरलेले असतात. आता कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. मी स्वतःवर खूश होतो.

मोठ्या डेटाबेसच्या कर्त्यांनीही हीच वाट पत्करली. काहींनी तिला ‘सिक्वेन्स’ म्हटलं, काहींनी ‘आयडेंटिटी’, काहींनी ‘ऑटो-इन्क्रिमेंट’. २००३ मध्ये एसक्यूएल या भाषेच्या प्रमाण स्वरूपातही सिक्वेन्स आणि आयडेंटिटी आले. यातल्या सिक्वेन्सचं वागणं पाहण्यासारखं आहे. डेटाबेसमधलं बाकी सगळं व्यवहाराच्या मोटेत बांधलेलं असतं आणि व्यवहार मागे घेतला की जागेवर परत येतं. सिक्वेन्स मात्र मोटेच्या बाहेर उभा असतो. पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेत तर स्पष्टच सांगितलं आहे, की सलग, खंड नसलेले क्रमांक हवे असतील तर हे साधन उपयोगाचं नाही.

वेगासाठी पुढे आणखी एक पाऊल टाकलं गेलं. दर वेळी एकेक क्रमांक काढण्याऐवजी गठ्ठाच काढून जवळ ठेवायचा. ओरॅकलमध्ये, आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर हा गठ्ठा वीसचा असतो. मुख्य कार्यालयाने प्रत्येक शाखेला शंभर पावत्यांचं एकेक पुस्तक देऊन ठेवावं, तशीच ही युक्ती. पण यंत्र अचानक बंद पडलं, की गठ्ठ्यातले उरलेले क्रमांक गेले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीत हा गठ्ठा इतका मोठा झाला, की यंत्र अनपेक्षितपणे बंद पडून पुन्हा सुरू झालं तर साध्या क्रमांकात एकदम हजाराची उडी दिसू लागली. सकाळी कामावर आलेल्यांना काल ५४ वर थांबलेली यादी आज हजाराच्या पुढे गेलेली दिसली, तर छातीत धस्स होणारच!

क्रमांक सांडणं परवडतं. क्रमांक पुन्हा वापरला जाणं परवडत नाही. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमधल्या ‘इनोडीबी’ या भागात पुढचा क्रमांक फक्त यंत्राच्या चालू स्मृतीत राहत असे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, की तक्त्यातला सर्वांत मोठा क्रमांक पाहून मोजणी पुढे चालू होई. तुम्ही शेवटची ओळ पुसून टाकली असेल, तर तिचा क्रमांक नव्या ओळीला मिळण्याचा धोका होता. म्हणजे उद्या जुन्या कागदावरचा क्रमांक पाहून शोध घेतला, तर भलत्याच माणसाची नोंद पुढे यायची. या दोषाची तक्रार २००३ साली नोंदवली गेली. तिचा क्रमांक होता १९९. दोष दूर झाला तो २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत. रद्द फेरफाराचा क्रमांक दुसऱ्याला न देण्यात जे शहाणपण आहे, ते इथे यायला पंधरा वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट लोक गृहीत धरतात, आणि ती चूक आहे. लहान क्रमांक म्हणजे आधीचा व्यवहार आणि मोठा म्हणजे नंतरचा, असं आपल्याला वाटतं. पण क्रमांक मिळतो व्यवहाराच्या सुरुवातीला आणि व्यवहार पक्का होतो शेवटी. ५०१ क्रमांकवाला रेंगाळला आणि ५०२ वाला भराभर संपवून गेला, तर जगाला ५०२ आधी दिसतो. ‘काल आपण ५०२ पर्यंत वाचलं, आज त्यापुढचं वाचू,’ असं ठरवणारा प्रोग्रॅम उशिरा आलेला ५०१ कायमचा चुकवतो. अशा चुका सापडायला महिने लागतात, कारण त्या रोज होत नाहीत.

आता पुन्हा त्या पतसंस्थेत जाऊ.

काकांचा निरोप मला खुलासा मागितल्यानंतर दोन दिवसांनी मिळाला. मी गेलो तेव्हा ते नेहमीच्या जागेवर होते, पण खिडकी दुसऱ्याकडे दिली होती. मला म्हणाले, “साहेब, माझ्या हातून पैसा गेलेला नाही. पण नंबर गेला, हेही खरं. मी लिहू काय?” माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण ते संचालकांना पटायचं कसं? “मशीनने नंबर खाल्ला,” हे वाक्य त्या काळी खोटं बोलणारा प्रत्येक माणूस वापरत असे.

सुदैवाने एक जुनी पद्धत आम्ही सोडली नव्हती. पावत्या ज्या कागदावर छापल्या जात, त्यावर छापखान्याचा स्वतंत्र अनुक्रमांक होता. आम्ही लेखापरीक्षकांसमोर वर्षभराचे कागद मोजले. फाटलेले, शाई सांडलेले, वाया गेलेले सगळे काकांनी जपून ठेवले होते. एकही कागद कमी निघाला नाही. रोजची रोकड रोजच्या बेरजेशी जुळत होती. याचा अर्थ, त्या अकरा क्रमांकांच्या पावत्या कधी छापल्याच गेल्या नव्हत्या. लेखापरीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी तसा शेरा लिहिला, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, “असे नंबर जाणार, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?” मी हो म्हटलं. “मग ते यांना का सांगितलं नाहीत?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एका क्रमांकाकडून तीन कामं करून घेत होतो आणि त्याबद्दल कुणाला बोललोही नव्हतो. ओळख पटवणं हे एक काम, क्रम दाखवणं हे दुसरं आणि संख्या मोजून देणं हे तिसरं. यंत्राच्या दृष्टीने तो क्रमांक फक्त ओळख होता. लेखापरीक्षकांच्या दृष्टीने ती मोजदाद होती. मधल्या फटीत एका प्रामाणिक माणसाची अब्रू अडकली.

त्यानंतर मी दोन क्रमांक वेगळे केले. आतल्या कामासाठी यंत्राचा एक क्रमांक. तो सुरुवातीलाच मिळतो, वाटेल तसा सांडतो आणि कुणाला दाखवायचा नाही. पावतीचा क्रमांक मात्र अगदी शेवटच्या पायरीवर, व्यवहार पक्का होताना, क्षणभर कुलूप घेऊन द्यायचा. कुलूप क्षणापुरतंच असल्याने कुणी चहाला गेलं तरी रांग अडत नाही. पावती निघाल्यानंतर रद्द करायची झाली, तर ती पुसायची नाही. तिच्यावर ‘रद्द’ असं लिहायचं.

पुढे यंत्रं इतकी वाढली, की सर्वांनी एकाच जागेहून क्रमांक घेणं अशक्य झालं. ट्विटरने २०१० साली ‘स्नोफ्लेक’ नावाची पद्धत आणली. एकाच क्रमांकात वेळ, यंत्राची खूण आणि त्या क्षणातला अनुक्रम असे तीन भाग. एक यंत्र एका मिलिसेकंदात ४,०९६ क्रमांक देऊ शकतं आणि दुसऱ्या यंत्राला विचारावं लागत नाही. त्याआधीपासून ‘यूयूआयडी’ होता. १२८ बिटांची ही ओळख इतकी प्रचंड असते, की एका प्रकारात ती चक्क चिठ्ठी उचलल्यासारखी काढतात आणि तरी दोन जुळण्याची भीती व्यवहारात उरत नाही. पण अशा सैरभैर ओळखी तक्त्याच्या सूचीत कुठेही जाऊन पडतात आणि काम मंदावतं. म्हणून २०२४ साली प्रमाण झालेल्या सातव्या प्रकारात पुढच्या बाजूला वेळ घातली गेली. सलगपणाची हौस मात्र या सगळ्यांनी सोडून दिली आहे.

कायद्याने ती सोडलेली नाही, आणि ते योग्यच आहे. जीएसटीच्या २०१७ च्या नियमांनुसार बीजकावर सलग अनुक्रमांक लागतो, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसलेला आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असलेला. पण विक्रीच्या विवरणपत्रात, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, तेराव्या तक्त्यात काय विचारलं आहे पाहा : कोणत्या क्रमांकापासून, कोणत्या क्रमांकापर्यंत, एकूण किती, आणि त्यातली रद्द किती. रद्द होणार हे तिथे धरलेलंच आहे. त्याला जागा ठेवली आहे.

काका पुढे सन्मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी गेलो होतो. जाताना त्यांनी वाया गेलेल्या कागदांचा तो गठ्ठा, सुतळीने बांधलेला, नव्या रोखपालांच्या स्वाधीन केला आणि मोजून घ्यायला सांगितलं. त्या मुलीने तो मोजला आणि वहीत सही केली.